मामंजींच्या जीपचं तेल

बोल्ट सुटला आणि कढत काळं तेल घमेल्यात न पडता सरळ माझ्या कोपरापर्यंत आलं. मी ओरडले नाही. ओठ दाबून तशीच जीपखाली पडून राहिले, कारण दहा पावलांवर ओट्यावर मामंजी बसले होते आणि त्यांचे कान माझ्याकडंच लागलेले होते.

“काय झालं गं?”

“काय नाही मामा. बोल्ट निघाला.”

“हातावर आलं न्हवं? पयली धार तिरकी येती, घमेलं जरा म्होरं सरकवायचं आसतंय...”

“मामा, तुम्ही बोलणार नव्हता.”

“न्हाई बोलत,” असं म्हणून त्यांनी तपकिरीची डबी उघडली. डबी उघडल्याचा टक् आवाज आला म्हणजे मामंजी स्वतःवर चिडलेत, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

ही गोष्ट नव्याण्णव सालच्या मे महिन्यातली. आमची वाडी पाटण तालुक्यात, डोंगराच्या पार वर. माझे सासरे हिंदुराव साळुंखे म्हणजे आख्ख्या खोऱ्यात ‘जीपवाले अण्णा’. त्यांनी त्या घाटातून चोवीस वर्षं डिझेलची जीप चालवली. अडलेल्या बाया, साप चावलेली माणसं, वऱ्हाड, शेणखत, सगळं त्यांनी वरखाली केलं. मग काचबिंदूनं डोळे गेले. एकदम नाही, हळूहळू. शेवटी उजेड कुठल्या अंगाला आहे एवढंच कळायचं. पण कान असे, की शेजारच्या घरात कालवणाला फोडणी कशाची पडली ते ओट्यावर बसून सांगायचे.

डोळे गेल्यावर त्यांनी दोन ड्रायव्हर ठेवून बघितले. पहिला तीन महिन्यांत काढला, दुसरा त्याच्याही आधी. का काढला, हे कुणालाच सांगितलं नाही. आमचे हे, म्हणजे सर्जेराव, कराडला दूध संघात नोकरीला. शनिवारी यायचे, सोमवारी जायचे. गाडीचं नाव काढलं की ह्यांना घाम फुटायचा. ह्यांनी सायकल चालवली तरी गल्लीतली पोरं बाजूला व्हायची. त्यामुळं जीप ताडपत्रीखाली उभी होती, आणि खालच्या कुसवड्याचे दिनकर आबा ती न्यायला तयार होते. त्यांना कोंबड्यांची वाहतूक करायची होती. रविवारी दुपारी चार वाजता येतो, असा त्यांचा निरोप आला.

मला मात्र त्या निरोपानं जेवण जाईना. आमच्या वाडीत शाळा सातवीपर्यंत. हायस्कूल कुसवड्याला, अकरा किलोमीटर खाली. एसटी वर यायची ती दुपारी बाराला, शाळा अर्धी झाल्यावर. पोरगे सायकली हाणत जायचे, नाहीतर पाव्हण्यांकडं राहायचे. पोरी सातवीनंतर घरी बसायच्या. दोन-तीन वर्षं शेण-पाणी करायच्या आणि मग त्यांची लग्नं व्हायची. माझी रेश्मा त्या वर्षी सातवी पास झाली होती, वर्गात दुसरी. तिनं निकालाचा कागद ट्रंकेत ठेवला आणि दुसऱ्या दिवशी न सांगता गोठ्यातलं शेण काढायला लागली. काही बोलली नाही हो पोरगी. तेच मला सोसवलं नाही.

आठवडाभर मी मनात घोळवलं आणि त्या बुधवारी, सर्जेराव सुट्टी काढून आलेले असताना, ताटात भाकरी वाढता वाढता बोलून टाकलं.

“मामा, गाडी देऊ नका.”

“मग काय करू? हार घालून पुजा करू तिची?”

“मी चालवते. सकाळी पोरींना हायस्कूलला सोडते, संध्याकाळी आणते. मधल्या वेळात दवाखान्याचं, बाजाराचं माणूस असतंच.”

सर्जेरावांचा घास घशातच अडकला. त्यांना पाण्याचा तांब्या देऊन मी उभी राहिले. मामंजी भाकरी मोडायचे थांबले.

मला गाडी येत नव्हती असं नाही. माहेरी माझ्या बापाचा ट्रॅक्टर होता, नांगरटीला मी बसायचे. तेलपाणी, खोलाखोली भाऊ बघायचे, मला त्यात हात घालू द्यायचे नाहीत. पण स्टिअरिंगची भीती मोडलेली होती. मामंजींचे डोळे अधू व्हायला लागले तेव्हा विहिरीपासून घरापर्यंत जीप मीच आणायचे, आणि ह्यांनीच मला कराडला नेऊन लायसन काढून दिलं होतं. ह्यांचं हे एक मोठं आहे बरं का. स्वतःला जमत नाही म्हणून बायकोला जमू नये असं ह्यांना कधी वाटलं नाही.

मामंजींनी अर्धी भाकरी ताटात ठेवली. मग म्हणाले, “चाक फिरवाया काय, रेडकूबी फिरवंल. घाटात गाडी चालवायची म्हंजी गाडीच्या पोटात काय चाललंय ते म्हाईत पायजे. आतलं तेल संपलंय का खराब झालंय ह्याचा ज्याला पत्ता न्हाई, तो पोरी घिऊन दरीत जायाचा.”

“मग शिकवा मला.”

“शिकीवतो. तीन सांजा शिकीवतो. रव्वारी सकाळी इंजनाचं तेल तू बदलायचं. एकटीनं. मी वट्यावर बसणार, त्वांड उघडणार न्हाई. काम चोख झालं तर दिनकरला सांगू, गाडी द्यायची न्हाई. न्हाई झालं तर चार वाजता तो गाडी घिऊन जाईल, आन् परत हा विषय माज्याफुडं काढायचा न्हाई. कबूल?”

“कबूल,” मी म्हणाले. आत रेश्मा भांडी घासत होती. तिचा हात थांबलेला मला ऐकू आला.

पुढच्या तीन संध्याकाळी मामंजींनी मला शिकवलं ते तोंडानं, जीपला हातही न लावता. आधी इंजन पाच-सात मिनिटं चालू ठेवायचं, म्हणजे तेल पातळ होऊन सगळं खाली येतं. चाकांना दगड लावायचे. वरचं टोपण उघडायचं, मगच खालचा बोल्ट सोडायचा. बोल्टची तांब्याची चकती हरवायची नाही. फिल्टर काढला की त्याची रबरी कडी बरोबर आली का ते बोटानं चाचपून बघायचं. ती इंजनालाच चिकटून राहिली आणि वरून नवा फिल्टर लावला, तर दोन कड्या एकावर एक बसतात आणि सगळं तेल वाटेत गळून जातं. मी ते सगळं लहानपणी पाढे म्हणायचे तसं पाठ केलं. भांडी घासताना, चुलीपुढं, अंथरुणात, सारखं तेच. ह्यांनी एकदा झोपेतून उठून विचारलं, “कसली चकती?”

तर रविवारी सकाळी अशी मी जीपखाली. साडी नेसून गाडीखाली कसं झोपायचं, म्हणून ह्यांची जुनी पँट चढवली होती. वर सुती दोरी बांधली होती, कारण ह्यांचं पोट आणि माझं पोट यात फरक. मामंजींना दिसत नाही, तेव्हा लाजायचं कारण नव्हतं. पण मी ओट्याजवळून गेले तसे ते म्हणाले, “साडीचा आवाज येईना. पँट घातलीस वाटतं?”

“व्हय मामा.”

“बरं केलंस.”

ते बरं म्हणाले, पण गडग्यापलीकडची हौसाक्का कशी म्हणेल? ती परडं झाडता झाडता थांबली आणि चांगली कोपरं टेकून बघायला लागली. “मालन, अगं पँट कुणाची ती? सर्जेराव कराडास्नं नवी नेसून आलं वाटतं, जुनी तुला दिली.”

“जुनी त्यांनी दिली, आता नवी पण घेते. तू तुझ्या धन्याची चढव आणि ये मदतीला.”

“आमच्या धन्याला एकच हाय. मग ते काय घालतील?” असं म्हणून ती तोंडाला पदर लावून हसली, पण तिथनं हलली मात्र नाही.

तेल घमेल्यात गळायला चांगली पंधरा मिनिटं लागली. हात भाजला होता, त्याला रेश्मानं गार पाणी ओतलं. जुनं तेल मी डब्यात भरून ठेवलं. गोठ्याच्या मेढींना ते फासलं की वाळवी लागत नाही, म्हणून आमच्याकडं ते कुणी टाकत नाही. मग फिल्टरला हात घातला, तर तो हलेचना. दोन्ही हातांनी धरला, पिळला, नखं मोडली. तेलकट पत्रा, पकड कशी येणार? ओट्यावर डबी टक् करून उघडली, टक् करून मिटली. बोलायचं नाही म्हणजे मामंजींना केवढी शिक्षा ते मला त्या दिवशी कळलं.

“रेश्मा, सायकलची फाटकी ट्यूब आण.”

ती तिनं आणली. ट्यूब फिल्टरला घट्ट गुंडाळली, तिची दोन टोकं मनगटाला पीळ देऊन धरली आणि सगळं अंग टाकून ओढलं. फिल्टर कुरकुरला आणि फिरला. हे मला कुणी शिकवलेलं नव्हतं बरं का. घरात लोणच्याच्या बरणीचं झाकण बसलं की मी तसंच करायचे.

फिल्टर हातात आला आणि मी तो उलटा करून बघितला. कडी नव्हती.  वर बोट घालून चाचपलं, तर कडी इंजनाला अशी चिकटून बसलेली, की नुसत्या डोळ्यांनी ती लोखंडाचीच वाटावी. नखानं कडेनं उचलत उचलत सोलून काढली. मुद्दाम मोठ्यानं म्हणाले, “रेश्मा, ही बघ जुनी कडी. वरच राहिली होती.”

ओट्यावरून नुसतं खाकरणं आलं.

नव्या फिल्टरच्या कडीला बोटानं तेल लावलं, हातानंच आवळला. बोल्ट बसवला, तांब्याची चकती घालून. वरनं नवं तेल ओतलं, जरा जरा करत, मध्ये थांबून. इंजन चालू केलं, तेलाचा लाल दिवा विझला, लगेच बंद केलं. खाली वाकून बघितलं, एक थेंब गळत नव्हता. तेल मोजायची पट्टी काढली, पुसली, घातली, परत काढली. तेल बरोबर वरच्या खुणेला, आणि रंग असा सोनेरी की पट्टी उन्हात धरली तर आरपार दिसत होतं.

“आई, मधासारखं,” रेश्मा म्हणाली.

“बघू बघू,” म्हणत हौसाक्का चक्क गडगा ओलांडून आली. “अगं बया, खरंच की. तळणाला घ्यावं असं.”

मला तेव्हा काय वाटलं ते सांगते. लग्न झालं, पोरगी झाली, घर बांधलं, पण आपण एकटीनं पहिल्यापासून शेवटपर्यंत एक अवघड काम केलं आणि ते बरोबर आलं, असं मला जन्मात पहिल्यांदा वाटलं. मी पँट झटकली आणि ओट्यापुढं जाऊन उभी राहिले.

“मामा, झालं.”

“झालं न्हाई आजून,” मामंजी म्हणाले. “गाडी खिंडीपातूर ने, वळीव आन् परत आन. आल्यावर धा मिंटं थंड हू दे. मग पट्टी बग आन् मला यिऊन सांग, तेल कसं दिसतंय.”

“बरं.”

“तू बगायचं आन् तू सांगायचं. मला काय दिसतंय?”

खिंडीपर्यंत चार किलोमीटर. मी गाणं म्हणत गेले आणि गाणं म्हणत आले, खोटं कशाला बोलू. रेश्मा शेजारी बसलेली. वाटेत तिनं हायस्कूलच्या गणवेशाचा रंग कोणता ते मला सांगितलं. तिला तो कधीचा ठाऊक होता.

परत आलो तेव्हा बारा वाजून गेले होते. सर्जेराव अंघोळ करून, पट्टी पुसायला फडकं घेऊन तयारच उभे होते. बायकोचा पराक्रम बघायचा म्हणून बिचारे उत्साहात होते. दहा मिनिटं थांबलो. मी पट्टी काढली, पुसली, घातली, काढली.

तेल काळंकुट्ट होतं.

मी परत पुसली, परत घातली. काळंच. फडक्यावर काजळ सांडल्यासारखा डाग.  सकाळी जे काढलं होतं तसंच हे, रंगानं काडीचाही फरक नाही. तासाभरापूर्वी तीन माणसांनी ते मधासारखं बघितलं होतं.

“तू नक्की बदललंस ना?” सर्जेरावांनी हळूच विचारलं.

मी त्यांच्याकडं असं बघितलं की ते एक पाऊल मागं सरले.

“नाही म्हणजे, जुनं राहिलं असेल आत कुठं. फिल्टर उलटा बसला का?”

“तो उलटा बसतच नाही.”

“मग इंजनच बिघडलं म्हणायचं.”

 काय चुकलं? बोल्ट, चकती, फिल्टर, कडी, सगळं मी मनात पहिल्यापासून म्हणून बघितलं. कुठंच चुकले नव्हते. पण पट्टी समोर होती आणि ती काही माझ्या पाठांतराला भीक घालत नव्हती. चार वाजता दिनकर आबा येणार होते.

सर्जेराव माझ्याजवळ सरकले. ओट्याकडं बघत, आवाज अगदी खाली आणून म्हणाले, “हे बघ मालन. अण्णांना दिसत नाही. जाऊन सांग, मधासारखं आहे. उद्या मी पाटणहून मिस्त्री आणतो, काय बिघडलं असेल ते गुपचूप बघू. दोन शब्दांचा प्रश्न आहे.”

रेश्मा बॉनेटला टेकून उभी होती. तिनं ते ऐकलं. ती माझ्याकडं बघत नव्हती, आपल्या पायाच्या अंगठ्याकडं बघत होती.

खरं सांगते, मी निम्मी तयार झाले होते. दोन शब्द. पोरीच्या तीन वर्षांच्या शाळेपुढं दोन शब्द म्हणजे काय हो? आणि खोटं तरी कुठं होतं ते, ओतलं तेव्हा मधासारखंच होतं की. मी ओट्याकडं चालायला लागले ते हेच घोकत. मामंजी पाठ ताठ करून बसले होते, चेहरा माझ्या पावलांच्या दिशेला. ते मला बघू शकत नव्हते. मी जे सांगेन तेच त्यांना दिसणार होतं. घाटातसुद्धा उद्या तसंच होणार होतं, ब्रेक कसे आहेत, टायर कसे आहेत, मी सांगेन तेच. हे मनात आलं आणि मला ते दोन शब्द तोंडातून काढता येईनात.

“काय गं, कसं हाय तेल?”

“काळं आहे मामा.”

मागं सर्जेरावांनी कपाळावर हात मारल्याचा आवाज आला. मला आला म्हणजे मामंजींना आलाच असणार.

“किती काळं?”

“तव्याच्या बुडासारखं.”

“आन् ओतलंस तवा?”

“तेव्हा मधासारखं होतं. रेश्मानं बघितलंय, हौसाक्कानं बघितलंय.”

“मग आसं का झालं?”

“मला माहीत नाही.” माझा आवाज फाटला, पण मी थांबले नाही. “तुम्ही सांगितलं तसं सगळं केलं, एकही गोष्ट सोडली नाही. का काळं झालं मला कळत नाही. परत करायला सांगितलं तर परत करीन. गाडी द्यायची असेल तर द्या. पण जे आहे ते आहे. मधासारखं नाही.”

मामंजींनी हात पुढं केला. “पट्टी आन.”

मी आणली. त्यांनी टोकाचं तेल अंगठ्यावर घेतलं, बोटाला बोट घासलं, पुष्कळ वेळ घासत राहिले. नाकाशी नेलं. मग चेहऱ्याच्या सगळ्या सुरकुत्या हलल्या आणि ते हसले. तसं हसताना मी त्यांना दोन वर्षांत बघितलं नव्हतं.

“नवं हाय,” ते म्हणाले. “रेशमावाणी लागतंय. कचकच न्हाई. आगं येडे, डिझेलच्या इंजनात काजळी आसती. नवं तेल घातलं की ते आतली काजळी धुऊन काडतंय आन् एका फेरीत काळं हुतंय. तेच त्याचं काम. काळं झालं न्हाई तर इचारावं, का झालं न्हाई म्हणून.”

मी तोंड उघडं टाकून उभी राहिले. “मग हे तुम्ही आधी सांगितलं का नाही? तीन दिवस सगळं सांगितलंत, एवढंच कसं राहिलं?”

“ऱ्हायलं न्हाई. ठिवलं.”

त्यांनी बोटं धोतराला पुसली. सर्जेरावही एव्हाना ओट्यापर्यंत आले होते, मान खाली घालून.

“दोन डायवर ठिवलं,” मामंजी म्हणाले. “दोगास्नीबी तेल बदलाया लावलं, फेरी माराया लावली आन् ह्योच सवाल इचारला. दोगंबी म्हणालं, आण्णा, अगदी मधावाणी हाय बगा. म्हंजी एकतर बदललंच न्हाई, न्हाईतर पट्टी काडून बगितलीच न्हाई. आंधळ्याला काय कळतंय. त्या दोगांच्या जिवावर मी या घाटात दुसऱ्याची माणसं कशी घालू?”

 

“सर्जेराव,” मामंजी म्हणाले.

“जी अण्णा.”

“बायकूचं ऐकत जा. तू सांगितलेलं मी सगळं ऐकलंय.”

सर्जेरावांचे कान लाल झाले. पण माझ्याकडं बघून तेही हसायला लागले, आणि मग मला रडू फुटलं, आणि तेलाच्या हातांनी डोळे पुसल्यामुळं रेश्मा माझं तोंड बघून पोट धरून हसली.

“आता साडी नेस,” मामंजी म्हणाले. “दिनकर चार वाजता वर येनार. आपुन गाडी देणार न्हाई आन् त्याला उगाच चढ चढाया लावायचा, हे बरं न्हाई. आपुनच जाऊन सांगू. मला घिऊन चल.”

“घाट उतरून? आज?”

“मग? शाळा उघाडल्यावर एकदम पोरी घालून उतरनार हायस व्हय?”

घाटाला बारा वळणं आहेत. मी पुढं एकवीस वर्षं ती वळणं उतरले आणि चढले. रेश्मा आणि तिच्याबरोबरच्या पाच जणी दहावी झाल्या, त्यांच्या मागून किती झाल्या ते मी मोजायचं सोडून दिलं. रेश्मा आज त्याच हायस्कूलात गणित शिकवते. गाडीचं तेल दर वेळी मी अंगणातच बदललं. पण त्या रविवारी पहिल्यांदा उतरताना स्टिअरिंगवरचे माझे तळवे ओले झाले होते, हे कबूल करते.

मामंजी माझ्या शेजारी बसले. मागच्या बाकड्यावर हे आणि रेश्मा. दुसरं कुणी गाडी चालवायला लागलं की मामंजी कसे बसायचे ते आम्ही सगळ्यांनी बघितलेलं होतं. एक हात समोरच्या दांडीवर, पाय खाली नसलेल्या ब्रेकवर दाबलेला, आणि तोंडानं वळणं मोजणं, एक, दोन, हळू, तीन. ते दोन्ही ड्रायव्हर त्या मोजण्यालाच वैतागले होते.

मी पहिलं वळण घेतलं. शेजारून मोजणं आलं नाही. दुसरं घेतलं. समोर एक खडीचा ट्रक आला, त्याला वाट दिली, दरीच्या अंगाला थांबले, परत निघाले. तरी काही नाही. म्हटलं, रागावले की काय. पण उतारावर बाजूला बघायची सोय नव्हती, मी आपली रस्त्यावर नजर ठेवून एक-एक वळण काढत राहिले.

पाचव्या-सहाव्या वळणाला सर्जेराव मागून कुजबुजले, “अण्णा गप्प कसे?”

“झोपलेत,” रेश्मा म्हणाली. “घोरतायत.”

मी एक क्षणभर बघितलं. दोन्ही पाय वर घेऊन, मांडी घालून, डोकं मागं टेकून मामंजी झोपले होते. हात मांडीत मोकळे पडले होते. मी गिअर खाली घेतला आणि उरलेली वळणं इतकी सावकाश काढली, की पाठीमागच्या दुधाच्या टेम्पोवाल्यानं चार वेळा हॉर्न दिला.

कुसवड्यात दिनकर आबांच्या दारात मी गाडी उभी केली. आबा बाहेर आले, ड्रायव्हरच्या जागेवर मला बघून उंबऱ्यातच थबकले. मी मामंजींच्या खांद्याला हात लावला.

“मामा, उठा. आलं कुसवडं.”

ते दचकून सरळ झाले, हातानं समोरची दांडी चाचपली, बाहेरचे आवाज ऐकले.

“आलं? आन् घाट?”

“उतरला की.”

“सगळा?”

“सगळा.”

 मामंजींनी फेटा नीट केला, माझ्या हाताला धरून खाली उतरले आणि दिनकर आबांच्या आवाजाच्या दिशेला तोंड करून म्हणाले, “दिनकर, गाडी मिळायची न्हाई बाबा. ही माझी सून, मालन. हिच्या शेजारी मला झोप लागली.”